अर्धवट बसणारं लॉक : एका ब्रेक बॅरल एअर पिस्तुलाचं प्रकरण

"काका, नेम तोच, हात तोच, पण छर्रा कधी दहाच्या वर्तुळात तर कधी थेट खाली सातात." तक्रार एवढीच होती. पिस्तूल ४.५ मिलिमीटरचं, स्प्रिंग-पिस्टनवर चालणारं, बॅरल बिजागरीवर खाली मोडून कॉक करायचं, म्हणजे आतली स्प्रिंग ताणून ठेवायची. ते वापरणारी मुलगी कॉलेजात शिकते आणि घराच्या गच्चीवर दहा मीटर मोजून सराव करते. सोबत आलेला तिचा मामा सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग नीट ठेवणारा कारागीर आहे. मामाचं पहिलं वाक्य होतं, "मालक, नवीन घ्या म्हणू नका. हेच नीट करून द्या."

प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण असं पिस्तूल किंवा रायफल माझ्याकडे दुरुस्तीला सारखी येते आणि बहुतेक जण एकच निदान घेऊन येतात : लॉकची पाचर झिजली, पाचर बदला. पाचर खरोखर दोषी असल्याचं क्वचित निघतं. बहुतेक वेळा ती बिचारी आपलं काम करत असते आणि दुसरंच कोणीतरी तिच्या विरुद्ध जोर लावत असतं. तो दुसरा कोण, हे शोधायच्या आधी पाचरीला कानस लावली की पुढे दुरुस्त करण्यासारखं फार काही उरत नाही.

आधी काय काय झालं होतं

पिस्तूल हातात घेण्याआधी मी इतिहास विचारतो. मामांनी काही लपवलं नाही, म्हणून काम सोपं झालं. मागच्या वर्षी मुख्य स्प्रिंग मोडली, ती एका दुकानात बदलून घेतली. परत आल्यावर बॅरल डावी-उजवी हलू लागली. मामांनी बिजागरीचा बोल्ट आवळला आणि हलणं थांबलं. काही आठवड्यांनी चाप ओढल्यावर सांध्यातून फुस्स आवाज यायला लागला, छर्रा कमी जोरात जाऊ लागला. सांध्यातली हवा अडवणारी रबरी ओ-रिंग कडक झालेली दिसली, म्हणून हायड्रॉलिकच्या दुकानातून नवीन आणून बसवली. "थोडी जाड मिळाली, म्हटलं बरंच की, हवा चांगली अडवेल." फुस्स कमी झालं, पण बॅरल मिटताना जोर लागू लागला. मग सांध्यात शिलाई मशीनचं तेल सोडलं. त्यानंतर मधूनच मोठा आवाज, थोडा धूर आणि छर्रे वर-खाली.

मी हे सगळं कागदावर क्रमाने लिहून घेतलं. प्रत्येक दुरुस्ती आधीच्या दुरुस्तीतून निघालेल्या तक्रारीवर होती, हे त्या कागदावर दिसत होतं. पण पहिली तक्रार, म्हणजे स्प्रिंग बदलल्यावर बॅरल हलायला का लागली, तिचं उत्तर त्यात नव्हतं.

लॉक म्हणजे नेमकं काय

इथे जरा थांबतो, कारण हे समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं.

ब्रेक बॅरलमध्ये बॅरलच्या मागच्या टोकाला एक चौकोनी ब्लॉक असतो. तो फ्रेमच्या दोन भुजांमध्ये बसतो आणि आडव्या बोल्टवर फिरतो. हा बोल्ट बॅरलच्या छिद्राच्या खाली असतो. ब्लॉकच्या पाठीत स्प्रिंगवर बसलेली पाचर असते. बॅरल मिटली की ती फ्रेममधल्या आडव्या पिनेखाली सरकून अडकते. काही कंपन्या पाचरीऐवजी पोलादी गोळी वापरतात. जर्मनीच्या वायराउख एचडब्ल्यू ३५ रायफलीला तर हाताने सोडायचा वेगळा खटका आहे. प्रकार कुठलाही असो, काम एकच : बॅरल प्रत्येक वेळी त्याच जागी परत आणणं आणि छर्रा बाहेर पडेपर्यंत तिथेच धरून ठेवणं.

चाप ओढला की पिस्टन पुढे धावतो, हवा दाबतो, आणि ती हवा सिलिंडरच्या तोंडावरच्या बारीक भोकातून छर्र्यामागे शिरते. तीच हवा ब्लॉकच्या तोंडालाही पुढे ढकलते. बोल्ट खाली आणि धक्का वर, त्यामुळे बॅरल बोल्टभोवती फिरून उघडू पाहते. तिला अडवणारी एकटी पाचर. हवा सीलच्या, म्हणजे सांध्यातल्या ओ-रिंगच्या, आतच राहिली, समजा ६ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात, तर ती सुमारे २८ चौरस मिलिमीटरवर दाब देते. सील निकामी होऊन हवा ९ मिलिमीटरपर्यंत पसरली तर क्षेत्रफळ ६४ च्या घरात जातं. दाब तोच धरला तर उघडणारा जोर दुपटीहून जास्त होतो. म्हणजे गळकं सील नुसता वेग खात नाही, लॉकवरचा भारही वाढवतं.

आता मिटण्याची बाजू. बॅरल मिटताना शेवटचा केसभर प्रवास हाताने होत नाही. पाचरीचा उतार पिनेवर घासत खाली जातो आणि पाचरीची स्प्रिंग बॅरलला आत ओढून घेते. या ओढीला विरोध करणारे दोघे : सीलचं रबर आणि बोल्टपाशी होणारं घर्षण. दोघांचा विरोध स्प्रिंगच्या ताकदीपेक्षा कमी असेल तरच ब्लॉकचं तोंड सिलिंडरला पूर्ण टेकतं. जास्त झाला तर बॅरल मिटलेली दिसते, खट् असा आवाजही येतो, पण पाचर पिनेच्या कडेवर अर्धवट लटकलेली राहते. लॉक ढिलं आहे असं म्हणण्याआधी या तिघांचा हिशेब लावावा लागतो.

हवेच्या पिस्तुलात एक दशांश मिलिमीटरने काय बिघडतं

मामांनी हा प्रश्न थेट विचारला, "एवढ्या फटीनं काय होतंय?" म्हणून त्यांच्यासमोरच आकडे मांडले.

नेम धरायच्या दोन खुणा असतात. या पिस्तुलावर पुढची, म्हणजे माशी, बॅरलच्या टोकाला आणि मागची साइट सिलिंडरच्या शेवटाला आहे. बोल्टपासून १८ मिलिमीटर उंचीवर सांध्यात ०.१ मिलिमीटर फट राहिली, तर बॅरलचं तोंड तेवढ्या कोनात खाली झुकतं. दहा मीटरवर हा फरक जवळजवळ ५५ मिलिमीटर भरतो. पण माशीही बॅरलबरोबर खाली गेलेली असते. नेम धरणारा माशी पुन्हा रेषेत आणतो, म्हणजे नकळत तोंड वर उचलतो, आणि चूक अंशतः भरून निघते. बोल्टपासून माशी २०० मिलिमीटरवर आणि दोन्ही साइटमधलं अंतर ३५० मिलिमीटर, असं इथलं माप होतं. त्या हिशेबाने ५५ पैकी सुमारे २४ मिलिमीटर चूक कागदावर उरते, आणि ती खाली.

दहा मीटर एअर पिस्तूलच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटरने बाहेर सरकतं. २४ भागिले ८, म्हणजे तीन वर्तुळं. दहाचा सात. मुलीने आल्या आल्या सांगितलं होतं ते हेच.

यावरून एक गोष्ट ओघाने सांगतो. काही ब्रेक बॅरल रायफलींवर मागची साइट बॅरलच्या ब्लॉकवरच असते. तिथे दोन्ही साइट बॅरलबरोबर हलतात, म्हणून लॉकचा दोष कागदावर फारसा दिसत नाही. पिस्तुलाची बॅरल आखूड. दोन्ही साइट तिच्यावर ठेवल्या तर त्यांच्यातलं अंतर फार कमी होतं, म्हणून मागची साइट पार सिलिंडरवर जाते आणि लॉकचा प्रत्येक दोष उघडा पडतो. हल्ली पोरं सिलिंडरवर रेड डॉट, म्हणजे लाल ठिपका दाखवणारी साइट, बसवून घेतात. रेड डॉट बॅरलबरोबर अजिबात हलत नाही, त्यामुळे तिथे २४ नव्हे, सगळे ५५ मिलिमीटर दिसतात. रेड डॉट खराब निघाला म्हणून परत करायला निघालेल्या माणसाला मी आधी बॅरलचा सांधा बघायला सांगतो.

उघडण्याआधीच्या चाचण्या

पेचकस हातात घेण्याची मला घाई नसते. पिस्तूल एकदा उघडलं की ते जसं आलं तसं पुन्हा बघायला मिळत नाही.

साधे संशयित आधी बाजूला काढले. माशीचा स्क्रू घट्ट, मागच्या साइटमध्ये खेळ नाही, मुठीचे स्क्रू नीट, बॅरल वाकलेली नाही, छर्रे एकाच डब्यातले. यात वेळ घालवण्यासारखं काही नव्हतं.

मग वेग. क्रोनोग्राफसमोर ०.५३ ग्रॅमच्या छर्र्याचा वेग सेकंदाला ९६ मीटरपासून ११८ पर्यंत हेलकावे खात होता. चांगल्या स्प्रिंग पिस्तुलात तो थोडासाच हलतो. मधूनच एखादा मोठा आवाज आणि जळक्या तेलाचा वास येई. शिलाई मशीनचं तेल भोकातून सिलिंडरमध्ये गेलं होतं आणि दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटत होतं. डिझेल इंजिनात जे मुद्दाम घडवतात ते इथे नको असताना घडत होतं, आणि अशा प्रत्येक झटक्याचा मार पाचर आणि पिनेवर पडत होता.

गळती बघायला टिश्यू पेपरची अरुंद पट्टी सांध्यावर सैल ठेवली आणि छर्रा भरूनच उडवला. रिकामं पिस्तूल उडवायचं नाही. पुढे छर्रा नसला की पिस्टनला हवेची गादी मिळत नाही आणि तो सिलिंडरच्या टोकावर धाडकन आपटतो. पट्टी कधी जागची हलली नाही, कधी उडाली. सील सरसकट फुटलेलं असतं तर ती दर वेळी उडाली असती. कधी गळतंय, कधी नाही, म्हणजे सांधा दर वेळी वेगळा बसतोय.

सगळ्यात उपयोगी चाचणी पुढची. वाळूच्या पिशवीवर हात टेकवून आधी नेहमीसारखं मिटून काही छर्रे मारले. कागदावर उभी रांग आली, जवळपास ६० मिलिमीटर लांब. मग प्रत्येक वेळी मिटल्यावर, पिस्तुलाचं तोंड मागच्या मातीच्या ढिगाकडेच ठेवून आणि बोट चापाबाहेर ठेवून, बॅरलच्या मध्याखाली तळहाताने वर दाब दिला. खट्, असा दुसरा बारीक आवाज आला. पहिल्या खटक्याला लॉक पूर्ण बसलेलंच नव्हतं. असं दाबून मारलेले छर्रे जवळजवळ एकाच ठिकाणी गोळा झाले आणि आधीच्या रांगेच्या वरच्या टोकाशी आले. दोष मिटण्यात आहे, नेमात किंवा छर्र्यात नाही, हे तिथेच सिद्ध झालं. मुलीच्या चेहऱ्यावरचा ताणही तिथेच उतरला. महिनाभर ती स्वतःच्या हाताला दोष देत होती.

याच धर्तीवर बॅरल हलकेच डावीकडे, मग उजवीकडे दाबून छर्रे मारले. दोन वेगळे घोळके आले असते तर आडवा खेळ पकडला गेला असता. तसं काही आलं नाही. मामांनी आवळलेला बोल्ट तो खेळ दाबून धरत होता.

शेवटी बोल्टचा कस. कॉक केलेल्या पिस्तुलाची बॅरल उघडी असताना ती आहे त्या जागी थांबावी किंवा अगदी हळू खाली यावी, असा अंदाज कारागीर धरतात. इथे ती मध्यावर सोडली तर जागची हलेना, हाताने सरकवावी लागत होती. ही चाचणी करताना एक हात बॅरलवर घट्ट हवा आणि चापाच्या जवळपासही काही जाता कामा नये. उघडी बॅरल कॉक अवस्थेत सुटली तर ती झटक्यात वर येते. बोट सापडलं तर तुटतं, नाही सापडलं तर बॅरल वाकते. सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या आधी होम मैदानावर फुगे फोडायचे स्टॉल लावणाऱ्यांच्या रायफली माझ्याकडे येतात, त्यातल्या वाकलेल्या बॅरलींचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

उघडल्यावर

मुख्य स्प्रिंगवर मिटलेल्या अवस्थेतही ताण असतो. ती दाबून धरणारी शिकंजी लावूनच मागचा प्लग सोडायचा. ती काढून ठेवल्यावर बॅरल मोकळी झाली आणि मोजमापं घेता आली.

आधी पाचरीला आणि पिनेला ब्लू, म्हणजे कुठे टेकतंय ते दाखवणारा निळा रंग, लावून बॅरल मिटली आणि उघडली. रंग पाचरीच्या वरच्या कडेच्या अरुंद पट्टीवरच पुसला होता. उताराचा बाकीचा भाग जसाच्या तसा निळा. पाचर पूर्ण आत जातच नव्हती. पिनेवर, नेमक्या त्या कडेच्या जागी, नखाला लागेल इतका सपाट चट्टा पडला होता.

सील मोजलं. खाचेची खोली १.६ मिलिमीटर, बसवलेली ओ-रिंग २ मिलिमीटर जाड, म्हणजे तोंडाच्या वर ०.४ मिलिमीटर. सील तोंडाच्या वर थोडंसं यायलाच हवं, ०.१ ते ०.२५ मिलिमीटर. त्याहून वर आलं की ते दाबणं पाचरीच्या स्प्रिंगच्या आवाक्याबाहेर जातं. रबर दाबलं की त्याचा आकार बदलतो, घनफळ बदलत नाही. बाजूला पसरायला खाचेत जागा नसेल तर ते दगडासारखं उभं राहतं. जाड रिंग जास्त हवा अडवेल हा समज अगदी स्वाभाविक आहे, पण सांधा मिटूच दिला नाही तर ती हवा अडवणार कुठून?

आता बोल्ट. लॉकिंग स्क्रू सोडून तो बाहेर काढला, ब्लॉक भुजांमधून सरकवला आणि मागच्या वर्षीचं उत्तर बाकावर पडलं. ब्लॉकच्या उजव्या बाजूला पातळ वॉशर होती. डाव्या बाजूला काहीच नव्हतं.

स्प्रिंग बदलताना कोणीतरी ब्लॉक काढला असणार आणि डावी वॉशर कुठेतरी घरंगळली असणार. ०.४ मिलिमीटर जाडीची, करंगळीच्या नखाएवढी चकती. ती गेल्याने बॅरल हलू लागली. हलणं थांबवायला बोल्ट आवळला, म्हणजे फ्रेमच्या दोन्ही भुजा आत ओढून ती रिकामी जागा भरली. भुजांनी ब्लॉक चिमटीत धरला, घर्षण वाढलं, बॅरल पुरती मिटेना. पुरती न मिटल्याने सील नीट दबेना, हवा गळू लागली. गळती थांबवायला जाड रिंग आली, तिने मिटणं आणखी अवघड केलं. पाचर कडेवर आली, पिन झिजू लागली. मिटावं म्हणून घातलेलं तेल पेटू लागलं आणि झिजणाऱ्या जागेवरच घाव पडू लागले.

मामा हे सगळं बघत उभे होते. म्हणाले, "आमच्याकडं मागावरचा धोटा उडाला की नवा पोरगा धोट्यालाच तासायला बसतो. मी त्याला आधी माग बघायला लावतो." मग थोडं थांबून, "इथं मीच धोटा तासला." मी त्यांना सांगितलं की त्यांच्या जागी दुसरा कोणताही चांगला जॉबर असता तरी त्याने बोल्टच आवळला असता, आत वॉशर असायला हवी होती हे बाहेरून दिसायला काही मार्गच नव्हता.

काय केलं आणि काय मुद्दाम केलं नाही

सुरुवात वॉशरपासून. बोल्ट काढल्यावर भुजा आपल्या मूळ जागी परत आल्या का, हे वर आणि खाली दोन्हीकडे मोजलं. आल्या होत्या. वाकून तशाच राहिल्या असत्या तर काम बरंच वाढलं असतं. शिल्लक राहिलेली उजवी वॉशर ०.३६ पर्यंत झिजली होती. तिच्या जोडीला एकच नवी टाकली असती तर बॅरल मधोमध राहिली नसती, म्हणून दोन्ही नव्या, फॉस्फर ब्राँझच्या पत्र्यातून, सारख्या जाडीच्या केल्या. कडा घासून काढल्या. फिलर गेजच्या पातळ पात्यांनी उरलेला खेळ मोजला आणि एका बाजूला ०.०५ ची शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती, घातली. आता बोल्ट नुसता हाताने बसवला तरी बॅरल डावी-उजवी हलत नव्हती. आडवा खेळ वॉशरने काढायचा असतो. बोल्टने फक्त बॅरल किती सहज फिरावी हे ठरवायचं असतं. दोन्ही कामं बोल्टवरच टाकली की हे प्रकरण घडतं तसंच घडतं.

ओ-रिंग १.७८ मिलिमीटर जाडीची नायट्राइल रबराची बसवली. खाच १.६, म्हणजे ती ०.१८ वर आली. खाचेत रबराला पसरायला जागा आहे हेही तपासलं.

पिन बदलली नाही. ती कडक केलेल्या पोलादाची आहे आणि तिच्या एकाच बाजूला चट्टा होता. अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवली, पाचरीला ताजा गोल पृष्ठभाग मिळाला. हे करण्यासारखं असताना नवी पिन लेथवर करून घेण्यात अर्थ नाही. साध्या सळईची केली तर ती आठवड्यात दबेल.

पाचरीला कानस लावली नाही. वरच्या कडेला उठलेली बारीक काटेरी धार तेलाच्या दगडावर फक्त मोडली आणि उतार पॉलिश केला. उताराचा कोन बदलला नाही, आणि याबद्दल मी कोणाचंही ऐकत नाही. तेल लावलेल्या पोलादावर पोलाद साधारण सहा ते साडेआठ अंशांपर्यंत स्वतःच्या घर्षणाने अडून राहतं. उतार त्याहून जितका तिरका, तितका सगळा भार पाचरीच्या स्प्रिंगवर. कानशीने दोन अंश जास्त झाले तरी दर धक्क्याला पाचर मागे सरकायला लागते, आणि मग कुठलीच स्प्रिंग पुरत नाही. पाचरीची स्प्रिंगही ताणून लांब केली नाही. ताणलेली स्प्रिंग चार दिवस जोर दाखवते आणि पुन्हा बसते. इथली मूळ स्प्रिंग तर ठणठणीत होती. तिच्यावर नको तो भार टाकला होता, एवढंच.

सिलिंडर पुसून कोरडा केला, पेटणारं तेल पूर्ण काढलं. वॉशर, पाचर आणि पिनेवर मॉलिब्डेनमची पेस्ट, बोटाने पुसून उरेल तेवढीच. सोलापूरच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या पिस्तुलातलं पातळ तेल जागेवर थांबत नाही, ओघळून भोकाकडे जातं. जुनी ओ-रिंगही अशाच उन्हात कडक झाली असावी. पिस्तूल गच्चीवरच्या खोलीत न ठेवता खाली घरात ठेवायला सांगितलं.

कोणी विचारण्याआधीच एक स्पष्ट केलं : वेग वाढवून देणार नाही. १२० मीटर वेगाने ०.५३ ग्रॅमचा छर्रा चार जूलच्या आतच ऊर्जा घेऊन जातो. दहा मीटरच्या कागदासाठी ती पुरेशी आहे. २० जूलपर्यंतचं आणि ४.५ मिलिमीटरचं पिस्तूल परवान्याशिवाय ठेवता येतं. ही सवलत सांभाळायची जबाबदारी वापरणाऱ्यांचीच.

परिणाम

पहिल्यांदा बॅरल मिटली तेव्हा एकच आवाज आला. तळहाताने दाबून पाहिलं, दुसरा खटका नाही. ब्लू पुन्हा लावला, या वेळी उताराच्या बऱ्याच मोठ्या भागावरून पुसला गेला. टिश्यूची पट्टी एकदाही हलली नाही. वेग ११२ ते ११६ मध्ये स्थिरावला. कमाल आकडा आधीपेक्षा थोडा कमी झाला, याचं मामांना वाईट वाटलं. तो ११८ चा आकडा पेटलेल्या तेलाचा होता, स्प्रिंगचा नव्हता.

मग मुलीने स्वतः मारून बघितलं, आधी नेहमीसारखं मिटून, मग दाबून. दोन्ही कागदांवर घोळका एकाच जागी आणि एकाच आकाराचा. हीच खरी परीक्षा होती. घोळका लहान होणं हा पुढचा भाग, तो तिच्या सरावाचा. वर-खालीची रांग नाहीशी झाली होती. सगळे छर्रे एकत्र थोडे वर गेले होते, कारण बॅरल आता खरोखर मिटत होती. मागची साइट दोन खटके खाली घेतली.

तिने विचारलं, स्पर्धेत हे पिस्तूल चालेल का. नियमाच्या दृष्टीने अडचण नाही : वजन १५०० ग्रॅमच्या आत, चापाचा भार किमान ५०० ग्रॅम आणि पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावणारं, एवढं जमलं पाहिजे. पण आजचे स्पर्धक दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी पिस्तुलं वापरतात. त्यांची बॅरल जागची हलतच नाही, आणि पिस्टनचा धक्काही नाही. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, स्वप्निल कुसाळे ही कोल्हापूरच्या नेमबाजांची नावं तिला तोंडपाठ आहेत. तिथवर जायचं तर पुढे तसं हत्यार लागेल. तोवर स्प्रिंग पिस्तूल हात शिकवतं. छर्रा बॅरलमधून बाहेर पडेपर्यंत पिस्तूल आधी मागे, मग पुढे हलतं, आणि तेवढा वेळ नेम धरून ठेवायची सवय त्यातूनच लागते. मात्र त्यासाठी पिस्तुलाने खोटं बोलता कामा नये.

काय बघत राहायचं

दोन जागांवर माझा पूर्ण भरवसा नाही. डाव्या भुजेतलं बोल्टचं भोक किंचित अंडाकृती झालंय. वर्षभर चिमटीत धरलेल्या ब्लॉकने ते केलं असावं. आत्ता त्याचा परिणाम मोजता येत नाही. पुढे बुशिंग घालावं लागेल, पण आज घालण्याचं कारण नाही. दुसरी जागा पिन : तिला आणखी एकदा फिरवायला जागा आहे, त्यानंतर ती बदलावीच लागेल.

बोल्ट बसवून लॉकिंग स्क्रू आवळल्यावर बोल्टच्या डोक्यावरून फ्रेमपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढून दिली. रेघ तुटलेली दिसली म्हणजे बोल्ट फिरला. महिन्यातून एकदा मिटल्यावर तळहाताने दाबून दुसरा खटका ऐकू येतो का बघायचं आणि टिश्यूची पट्टी ठेवून एक छर्रा मारायचा. दोन्हींपैकी काहीही वेगळं दिसलं तर बोल्टला हात न लावता पिस्तूल घेऊन यायचं. मामांनी जुनी ०.३६ ची वॉशर मागून घेतली आणि खिशातल्या मापाच्या वहीत चिकटवून, खाली जाडी लिहून ठेवली.